उन्हात न उघडलेली पेटी

पेटीची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. आमच्या भागातले असाल तर नक्कीच. मुक्तिदिनाला मला शाळेत बोलावतात, गळ्यात हार घालतात, आणि मी सांगतो—बार्शीच्या कॅम्पातून पत्रकं आणली, ग्रामोफोनच्या रेकॉर्डींच्या पेटीत लपवून आणली, निजामाच्या नाकेदाराच्या डोळ्यांदेखत आणली. त्या नाकेदाराला कसं बनवलं, त्याची मी नक्कलसुद्धा करतो. पोरं हसतात, मास्तर लोक टाळ्या वाजवतात. ही झाली अर्धी गोष्ट. उरलेली अर्धी मी आजवर कुणाला सांगितली नाही. बायकोला नाही, लेकाला नाही. तोंडाशी आली की मी पाणी मागायचो आणि दुसरं काहीतरी बोलायला लागायचो.

आज तुम्हाला का सांगतोय? कोण जाणे. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही—त्यानं सोपं जात असेल. पण एक आधीच बोलून ठेवतो. मला सरळ सांगता यायचं नाही. मी भुसाराच्या दुकानात वाढलेला माणूस, माल दाखवायच्या आधी चार गोष्टी बोलायची सवय. कंटाळा आला तर उठून जा, मी रागावणार नाही.

त्या नाकेदाराचं नाव अजीज. आम्ही अजीजभाई म्हणायचो. शाळेत मी त्यांचं नाव घेत नाही. नाव घेतलं की माणूस उभा राहतो ना समोर? म्हणून 'निजामाचा नाकेदार' एवढंच म्हणतो.

तेव्हा बार्शी इंग्रजांच्या राज्यात आणि आमची येडशी निजामाच्या. बार्शीकडून छोट्या रुळावरची गाडी यायची. ती स्टेशनात थांबली की उतारूंनी आपलं सामान करोडगिरीच्या नाक्यावर उघडून दाखवायचं. करोडगिरी म्हणजे जकात. तिथं खाकी कोट घालून अजीजभाई बसायचे. माझ्यापेक्षा दहा-एक वर्षांनी मोठे, उंच, थोडे वाकलेले, बोलणं हळू. लोक त्यांना जरा भिऊन असायचे, कारण ते लाच खात नसत. लाच खाणाऱ्याशी कसं वागायचं ते माणसाला ठाऊक असतं, न खाणाऱ्याचं काय करायचं? माझे वडील, अप्पा, म्हणायचे, ह्या माणसाचा काही भरवसा न्हाय, कधी पोतं फोडायला लावील.

मी त्यांच्याकडं जायला लागलो तो फोनोपायी. स्टेशनाला लागून त्यांचा क्वार्टर, दोन खोल्या आणि पुढं पडवी, तिच्यावर कडुलिंबाची सावली. त्यांच्याकडं चावीचा ग्रामोफोन होता, सासऱ्यांनी हैदराबादहून दिलेला. रेकॉर्डला ते 'तवा' म्हणायचे. ठुमरीचे तवे होते, कव्वालीचे होते. जाझ आणला तो पिंटोनं.

पिंटो आमच्या गाडीचा गार्ड. गोव्याचा ख्रिश्चन, पोट सुटलेलं आणि तोंडही सुटलेलं. त्याचा भाऊ मुंबईला एका हॉटेलातल्या बँडात ट्रंपेट वाजवायचा. लढाईचे दिवस होते, मुंबईत गोरे शिपाई येत-जात. जाताना रेकॉर्डी बाजारात टाकून जात. भाऊ त्या गोळा करून पिंटोला द्यायचा, आणि पिंटो आमच्याकडं घेऊन यायचा.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, फोनोच बिघडला. सगळे एकदम वाजवताहेत, कुणी कुणासाठी थांबत नाही, मधेच एकजण गळा काढल्यासारखं करतो आणि मागचा ढोलवाला त्याची टर उडवतो! मी म्हणालो, ही वरात हाय का मारामारी? पिंटो असा चिडला की विचारू नका. अजीजभाई डोळे मिटून बसले होते. सुई उचलली, आणि आपल्या दख्खनी बोलीत म्हणाले, "सब अपने अपने रस्ते से जारैं शिवा, पन घर एकीच पहुँचरैं." मी मान हलवली. कळलं काहीच नव्हतं.

मग दर बाजारच्या दिवशी, दुपार कलली की आमची बैठक. पिंटोची गाडी परतीला सुटेपर्यंत. बसल्याबसल्या अजीजभाई एकेकाला विचारायचे, "क्या सुनरै?"—म्हणजे ह्या आठवड्यात काय ऐकतोयस? फोनो तर एकट्या त्यांच्याकडं, मग मी आणि पिंटो ऐकणार कुठून? पण नियमच तसा होता. मागच्या बैठकीत जे ऐकलं त्यातलं कानात काय उरलं, आठवडाभर काय वाजत राहिलं, ते सांगायचं. गुणगुणून सांगा, फळीवर बोटं वाजवून सांगा, कसंही. आणि काही उरलं नसेल तर सरळ म्हणायचं, "नहीं सुना." त्यात कमीपणा नव्हता. पिंटो कितीदा म्हणायचा—बायकोशी भांडण झालं, नहीं सुना.

मी एकदाही म्हणालो नाही. दुकानात तूर मापताना कसला जाझ न् कसलं काय! पण मी ठोकून द्यायचो. ती तुतारीवाली रेकॉर्ड, अजीजभाई, ती काय डोक्यातून जात न्हाय बघा. कुठली? ती… मधेच थांबते ती. अजीजभाई माझ्याकडं बघून हसायचे. त्यांना कळत असणार. पण त्यांनी मला कधी उघडं पाडलं नाही. बघा, खोटं बोलायचं मी त्यांच्याच पडवीत शिकलो, आणि त्यांनी ते चालवून घेतलं.

खोटं म्हणता म्हणता एक दिवस खरंच झालं. मी डब्यावर हात टेकून गिऱ्हाईकाची वाट बघत होतो आणि माझी बोटं त्या डब्यावर आपोआप वाजायला लागली. तीच लय, तोच मधला अडखळा. मी दुकान तसंच टाकून स्टेशनाकडं पळालो. बाजारचा दिवस नव्हता, काही नव्हतं. नाक्यावर जाऊन टेबलावर वाजवून दाखवलं. अजीजभाई खुर्चीतून उठले, खाकी कोटासकट मला मिठी मारली. माझ्या बापानं मला अशी मिठी कधी मारली नव्हती. मला लई बरं वाटलं. अजूनही—जाऊ द्या.

आता उन्हाचं सांगतो. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

रेकॉर्ड लाखेची. ऊन लागलं की मऊ पडते आणि पापडासारखी वाकते. एका उन्हाळ्यात पिंटोनं बोलण्याच्या नादात पेटी उघडून फलाटावर ठेवली, आणि वरची रेकॉर्ड गेली. लावून बघितली तर सुई वर-खाली व्हायची आणि ट्रंपेटवाला दारू प्यायल्यासारखा वाजवायचा. आम्ही दोघं हसलो. अजीजभाई हसले नाहीत. त्यांनी ती रेकॉर्ड दोन हातांत धरली आणि सावलीत नेऊन ठेवली. तेव्हापासून ठरलं, तव्यांची पेटी उन्हात उघडायची नाही. कुणीही आणो, नाक्यावर ती बंदच राहणार. संध्याकाळी पडवीत, सावलीत, सगळ्यांसमक्ष उघडायची. सरकारी नियम म्हणाल तर हा गुन्हाच. प्रत्येक गाठोडं सोडून बघणारा माणूस, ज्यानं आमच्या अप्पांची गुळाची ढेप सुरीनं टोचून पाहिली, तो ही एक पेटी तेवढी उघडायचा नाही.

कळलं ना तुम्हाला? मलाही कळलं होतं.

सत्तेचाळीस साल आलं. तिकडं बार्शीत झेंडा लागला, पेढे वाटले. रुळाच्या ह्या बाजूला आम्ही होतो तिथंच. रझाकारांच्या टोळ्या फिरायला लागल्या. आसपासच्या गावांतून घरं जाळल्याच्या बातम्या येत, बायापोरं गाठोडी घेऊन बार्शीकडं पळत. ते खोटं नाही आणि मी ते कमी करून सांगणार नाही. पण अजीजभाई रझाकारांत गेले नाहीत. त्यांना बोलावणं आलं होतं. नोकरीचं निमित्त सांगून त्यांनी टाळलं, आणि मला म्हणाले, कुणाला बोलू नको. मी बोललो नाही. म्हणजे गावात ही गोष्ट मला एकट्याला ठाऊक होती.

बार्शीला निजामाविरुद्ध लढणाऱ्यांचा कॅम्प होता. माझ्या वयाची पोरं तिथं जाऊन बंदुका चालवायला शिकत होती. मी धान्याच्या निमित्तानं जायचो, त्यांच्यात बसायचो, आणि मला स्वतःची लाज वाटायची. माझं पोट सुटायला लागलेलं, हाताला तुरीचा भुसा. एकदा बोलणं निघालं, पत्रकं पलीकडं न्यायची कशी, नाक्यावर तो नाकेदार तर शिवणी उसवून बघतो. कुणीही माझ्याकडं बघितलं नव्हतं. कुणी मला विचारलं नव्हतं. मीच म्हणालो, "म्या आणतो. माझ्यापाशी एक पेटी हाय."

हे शाळेत सांगताना मी म्हणतो, पुढाऱ्यांनी माझ्यावर जबाबदारी टाकली. टाकली नव्हती. मी दोस्ताला वापरायला स्वतःहून काढलं, चार पोरांनी पाठ थोपटावी म्हणून.

पिंटोनं मुंबईहून आलेल्या नव्या रेकॉर्डी पेटीत नीट भरून मला बार्शीला दिल्या. तो गेल्यावर मी अर्ध्या काढल्या आणि तिथं पत्रकं लावली. गाडी मुद्दाम दुपारची धरली. उन्हाळा होता, फलाटावर पाय टेकवत नव्हता. अजीजभाईंनी पेटी बघितली आणि त्यांचा चेहरा खुलला. "नये तवे?" मी हो म्हणालो. त्यांनी पेटीवर खडूनं तपासल्याची खूण केली. मग काय केलं माहीत आहे? घागरीतलं पाणी आपल्या उपरण्यावर ओतलं, पिळलं आणि ते ओलं उपरणं पेटीवर पांघरलं. म्हणाले, पळ, घरी जाईपर्यंत तापायला नको. नक्कल करताना हे उपरणं मी गाळतो. त्याला कुणी हसत नाही.

संध्याकाळी पडवीत पेटी उघडली तेव्हा तिच्यात नुसत्या रेकॉर्डी होत्या. पिंटो बार्शीलाच राहिला होता, आम्ही दोघांनीच ऐकल्या. मी मान डोलावली.

पत्रकं भूमच्या बाजारात वाटली गेली. वाटणाऱ्यांतला एकजण सापडला आणि त्यानं माझं नाव घेतलं. त्याला मी कधी दोष दिला नाही—द्यायला मला तोंड कुठाय?

ठाण्यात मला मारलं, असं मी आजवर सांगत आलोय. पाठीवरचा वणही दाखवतो. तो वण लहानपणी बैलगाडीतून पडलो त्याचा आहे. मला कुणी बोटसुद्धा लावलं नाही. अमीनसाहेबांनी—फौजदाराला तेव्हा अमीन म्हणायचे—मला खुर्ची दिली, चहा मागवला. शेजारच्या खोलीत कुणाला तरी मारत होते. तो आवाज येत होता, तेवढंच. मी कपबशी धरून चहा फुंकत होतो.

अमीनसाहेब म्हणाले, पेटी नाक्यावरून गेली कशी? तुम्ही सरकारी माणसाला फसवलं असेल तर सगळा गुन्हा तुमच्या एकट्याचा. पण तोच तुमच्यात सामील असेल, तर तुमचा काय दोष? तुम्ही नुसते हमाल. तुमचे वडील भले गृहस्थ आहेत, घरी जा. हे सगळं त्यांनी असं सांगितलं, जसा एखादा वकील गरिबाला सल्ला देतो. मी विचार केला का? मी स्वतःला कितीदा विचारलंय. केला असता तर निदान म्हणता तरी आलं असतं की विचारांती केलं. शेजारच्या खोलीत तो माणूस ओरडायचा थांबला, आणि मी म्हणालो, "नाकेदारसाहेबांना ठावं होतं. त्यांनीच सोडली पेटी."

एवढंच. चहा संपवून मी घरी आलो. अव्वा, माझी आई, रडली, अप्पांनी कपाळाला विभूती लावली. गावात बोलबाला झाला, पोरगं ठाण्यातून आलं, पण फुटलं न्हाय!

अजीजभाईंना त्याच दिवशी नेलं. मुसलमान, त्यात सरकारी नोकर आणि पत्रकं सोडतो—त्यांच्यावर राग किती निघाला असेल, तुम्हीच बघा. उस्मानाबादच्या जेलात ठेवलं. पावसाळा लागून बराच झाल्यावर सुटले, तेव्हा नोकरी गेलेली होती. क्वार्टर अजून खाली करायला लावला नव्हता, कारण नवीन नाकेदार यायलाच तयार नव्हता. मी भेटायला गेलो. जायलाच हवं होतं, न जाऊन कसं चालेल? लोक काय म्हणतील? हो, एवढ्यासाठीच गेलो.

ते पडवीत बसले होते. फोनो घरात कुठंतरी बासनात बांधून ठेवलेला. मी बोलायला लागलो तर त्यांनी मान वळवली आणि उजवा कान पुढं केला. डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं. तिथं फटका बसला होता. "आधा सुनतौं अब," म्हणाले, आणि हसले. मला वाटलं, इथंच जमिनीत गाडून घ्यावं.

मग त्यांनी मला विचारलं. रागानं नाही, खरंच कोडं पडल्यासारखं. पेटीत ती पत्रकं होती हे तुला माहीत होतं का? आणि मला माहीत होतं असं त्या लोकांना कुणी सांगितलं?

आम्ही लिंगायत. गळ्यात इष्टलिंग असतं, आणि त्याला हात लावून माणूस खोटं बोलत नाही. अजीजभाईंना हे ठाऊक होतं. मी सदऱ्यात हात घातला, लिंग मुठीत धरलं आणि म्हणालो, मला ठावं नव्हतं. कुणी सांगितलं तेही ठावं न्हाय.

त्यांनी लगेच माझ्या खांद्यावर हात ठेवला. पटलं होतं त्यांना. दुपारपासून संध्याकाळपर्यंत पेटी माझ्याकडंच होती, हे त्या शपथेपुढं त्यांनी मनातही आणलं नाही. मग राहिला कोण? पेटी भरणारा पिंटो. गाडी तपासताना पिंटोची एकदा झडतीही झाली होती. अजीजभाई मनातल्या मनात जुळवत गेले. त्यानंच पत्रकं ठेवली, पकडल्यावर अजीजभाईंचं नाव पुढं केलं. म्हणाले, त्यानं तुलाही फसवलं रे. पुढच्या खेपेला पिंटो त्यांच्यासाठी नवी रेकॉर्ड घेऊन आला. अजीजभाईंनी ती हातात न घेता परत पाठवली आणि घरात निघून गेले. पिंटो दारात उभा. मला विचारत होता, काय झालं, काय झालं? मी म्हणालो, जेलातून आलेत, डोकं ठिकाणावर नसेल. पिंटोनं मग गाडी बदलून घेतली. तो पुन्हा मला दिसला नाही.

इथपर्यंत बोललो, आणि तुम्हाला वाटत असेल, झालं, हाच तो गुन्हा. मलाही तसंच वाटलं असतं तर बरं झालं असतं.

भादव्यात हिंदी फौज आली. रझाकार रातोरात पळाले, आणि मग जे झालं त्याबद्दल आमच्याकडं फारसं कुणी बोलत नाही. ज्यांची घरं जळाली होती ते लोक निघाले, आणि ज्यांचं काहीच जळालं नव्हतं तेही त्यांच्यात मिसळले. कोण रझाकार, कोण नुसता मुसलमान, हे बघायला कुणाला सवड नव्हती. सकाळी उन्हं वर आली असतील, एक जमाव स्टेशनाकडं आला. त्यात आमच्या गावचे कमी, बाहेरचे जास्त. पुढं कॅम्पातला एकजण होता, माझी पाठ थोपटणाऱ्यांपैकी. मीही त्या जमावात होतो, हातात झेंडा घेऊन. मी ठाण्यात न फुटलेला माणूस ना! मला पुढं घेतलं होतं.

अजीजभाईंना पडवीतून खाली आणलं. कुणी म्हणालं, निजामाचा कुत्रा. कुणी म्हणालं, ह्यानं लोकांची गाठोडी फोडली. तेव्हा अजीजभाई बोलले, घाबरलेल्या आवाजात पण स्पष्ट—मी रझाकार नाही, त्यांनीच मला जेलात घातलं होतं, तुमच्या पत्रकांपायी. जमाव जरा थांबला. पुढचा माणूस माझ्याकडं वळला. "शिवलिंगअप्पा, पत्रकं तर तुमी आणली. हा म्हणतो ते खरं हाय का?"

आता नीट ऐका. हो म्हणायचं होतं. एक शब्द. हा आपला माणूस आहे, ह्यानं पेटी सोडली, ह्यानं मार खाल्ला. अमीनसमोर जे खोटं मी चहा पिता पिता बोललो, तेच इथं बोलायचं होतं. तेच्या तेच! आणि आज तर त्यातला मार खरा होता, जेल खरी होती, एक कान गेलेला समोर दिसत होता. त्या शब्दानं ते वाचले असते. जमाव माझं ऐकत होता, ह्यात मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही.

पण हो म्हटलं की पुढचा प्रश्न आलाच असता. हा सामील होता, हे पोलिसांना कुणी सांगितलं? नाक्यावर पेटी कशी सुटली ते आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. त्या दिवसांत खबऱ्यांचं काय करत होते, ते मी बघितलं होतं. माझ्या मनात आलं ते एवढंच. अजीजभाई नाही आले मनात. मी स्वतः आलो.

मी म्हणालो, "मला ठावं न्हाय."

हळू म्हणालो. मी अजीजभाईंच्या डाव्या बाजूला होतो, गेलेल्या कानाकडं. त्यांना ऐकू आलं नाही. त्यांनी मान वळवून उजवा कान माझ्याकडं केला, "क्या बोला शिवा?" मी पुन्हा बोललो नाही. त्यांना वाटलं, मी जे बोलायचं ते बोललो. त्यांचा चेहरा सैल झाला आणि त्यांनी मला हात जोडले. हात जोडलेले असतानाच त्यांना ओढत नेलं, रामलिंगाच्या दरीकडं. ते मागं वळून बघत होते. शिवानं तर सांगितलं, मग आता काय राहिलं, हे त्यांना उमगत नव्हतं. मी झेंडा धरून उभा होतो. त्यांच्यामागं गेलो नाही.

ते परत आले नाहीत. मी ह्याहून जास्त सांगणार नाही, कारण ह्याहून जास्त मी बघायला गेलोच नाही.

गाड्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा जैनबभाभी, त्यांची बायको, लहान मुलीला घेऊन हैदराबादकडं निघाल्या. गावातून कुणी आलं नाही. मी गेलो. त्यांची ट्रंक डोक्यावर घेतली, डब्यात जागा धरली, मुलीला उचलून खिडकीशी बसवलं. त्या दिवशी त्या घरात होत्या. बाहेर काय बोलणं झालं ते त्यांच्यापर्यंत पोहोचलं नव्हतं. गाडीनं शिट्टी दिली तेव्हा त्यांनी खिडकीतून माझा हात धरला. म्हणाल्या, त्या दिवशी बाहेर पडताना ते मला म्हणत होते, बाहर शिवा खड़ा है, तू कायकू डरती? मग डोळे पुसून म्हणाल्या, "तुम तो भौत कोशिश करे होंगे, भैया."

मी म्हणालो, "हौ भाभी."